‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ : अशा पत्रांविरुद्ध ग्राहक कायदा सात महिने वापरल्यावर

युवा नेतृत्व परिषद, भावी डॉक्टरांचे संमेलन, बालवैज्ञानिकांचा मेळावा, मॉडेल युनायटेड नेशन्स (विद्यार्थ्यांची नकली संयुक्त राष्ट्र सभा). नावे बदलतात, पत्राचा साचा बदलत नाही. जाड मलई रंगाचा कागद, वर सोनेरी उठावदार शिक्का, मुलाचे पूर्ण नाव आणि इयत्ता, ‘अभिनंदन! देशभरातून आपल्या पाल्याची निवड झाली आहे’, मग सात दिवसांची मुदत आणि सर्वांत शेवटी शुल्क. त्याखाली फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘निवड म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, शुल्क परत मिळणार नाही.’

परिषद भरवणे गैर नाही. चांगल्या परिषदा आहेत आणि मुले तिथे खरेच शिकतात. गैर आहे ते निवड न करता ‘निवड’ विकणे. हे रोखायला स्वतंत्र कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पालक-शिक्षक संघासाठी सात महिने ही हत्यारे वापरून झाल्यावर कोणते चालते आणि कोणते कुठे अडते, ते इथे मांडतो.

आधी पुराव्याचे, कारण सगळे तिथेच ठरते. ‘आमची फसवणूक झाली’ अशी तक्रार कुठेच तग धरत नाही. टिकते ती एका तपासता येणाऱ्या वाक्यावरची. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला ईमेल करा आणि तीनच प्रश्न विचारा: निवडीचे निकष काय, निवड कोणी केली, आणि किती जणांमधून किती जण निवडले? फोनवर विचारू नका; फोनवर गोड उत्तर मिळते आणि हाती काही उरत नाही. उत्तर आले तर तो पुरावा. आठ दिवसांत आले नाही, तर तेही तक्रारीत लिहिता येते. पत्राचे पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का तारीख सांगतो. वेबपानाचे स्क्रीनशॉट घेताना पत्ता आणि तारीख दिसेल असे घ्या. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागू शकते आणि त्या वेळी मूळ फोनच कामी येतो.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक हा आमच्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा पुरावा. पंधरा अक्षरी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. त्या पॅनचे चौथे, म्हणजे पूर्ण क्रमांकातले सहावे अक्षर पाहा. ‘सी’ असेल तर कंपनी, ‘टी’ असेल तर न्यास, ‘एफ’ असेल तर भागीदारी फर्म, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. पत्रावर ‘राष्ट्रीय परिषद’ आणि क्रमांकात ‘पी’ एवढी विसंगती तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात मांडता येते. क्रमांकच नसेल तर पैसे कोणाच्या खात्यात जातात ते आधी लेखी विचारा.

आता नियम. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वे ९ जून २०२२ ला आली. मुलांसाठीच्या जाहिरातींवर त्यांत वेगळा भाग आहे. मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा फायदा घेता येत नाही. ‘आईबाबांना आजच सांग’ अशी थेट चिथावणीही देता येत नाही. या भागाइतकाच उपयोग तळटीपांच्या नियमाचा होतो. तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात हवी, तिने महत्त्वाची माहिती लपवायची नाही आणि दिशाभूल करणारा दावा तळटिपेने दुरुस्तही करता येत नाही. म्हणजे वर मराठीत ‘निवड’ आणि खाली इंग्रजीत ‘निवडीची हमी नाही’ हे एकट्यानेच नियमभंग ठरू शकते. मोजपट्टीने दोन्ही ओळींच्या अक्षरांची उंची मोजा आणि मिलिमीटरमध्ये तक्रारीत लिहा.

नोंदणी ऑनलाइन असेल तर ३० नोव्हेंबर २०२३ ची डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी पानरचना) तत्त्वेही लागू पडतात. खोटी घाई (‘फक्त ३ जागा शिल्लक’), हळूहळू वाढणारे शुल्क (निवास आणि प्रमाणपत्राचा खर्च शेवटच्या पानावर) आणि नकाराला शरमेची जोड (‘नको, मला पाल्याच्या भविष्याची चिंता नाही’) हे तिन्ही प्रकार त्यात नावानिशी आहेत. ‘३ जागा’ खोट्या आहेत हे दाखवायला तेच पान चार दिवस रोज एकाच वेळी टिपून ठेवावे लागते. एका स्क्रीनशॉटने काहीच सिद्ध होत नाही.

शिक्क्यांचे वेगळे. संयुक्त राष्ट्रांचे नाव आणि चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरणे १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने मना आहे, आणि राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. मॉडेल युनायटेड नेशन्सच्या पत्रावर निळे वर्तुळ दिसले की हा मुद्दा जोडावा. इथे निवडीचे निकष सिद्ध करायची गरजच पडत नाही, चित्र समोर असते.

तक्रारीचे पहिले दार म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही. तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार आयोजकाकडे पाठवली जाते. हे दार खटल्याआधीच्या समेटाचे आहे. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, त्यामुळे ज्याला नावाची फिकीर आहे तोच आयोजक इथे नमतो. तरीही इथूनच सुरुवात करावी, कारण पुढे आयोगात ‘आम्हाला कळवलेच नाही’ असे म्हणायला जागा राहत नाही. मागणी एका ओळीत लिहा. ‘कारवाई व्हावी’ लिहिले की काय करायचे ते समोरच्याला कळत नाही. ‘अमुक तारखेला भरलेले शुल्क मूळ खात्यात परत करावे’ हे कळते.

दुसरे दार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. कलम १७ नुसार तिथली तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. प्राधिकरण जाहिरात बंद करायला किंवा बदलायला सांगू शकते, १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पण ते ग्राहकवर्गासाठी आहे. एका घरचे पैसे परत मिळावेत म्हणून तिथे गेलात तर दार चुकले. म्हणून वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांना आलेली तीच पत्रे एकत्र जोडा. वेगळ्या गुणांच्या मुलांना अक्षरशः एकच मजकूर, हा ‘निवड’ नसल्याचा सर्वांत बोलका पुरावा.

भारतीय जाहिरात मानक परिषद ही उद्योगाची स्वनियमन संस्था. शैक्षणिक जाहिरातींसाठी तिची स्वतंत्र तत्त्वे आहेत. मजकूर बदलून घ्यायला उपयोगी, परताव्यासाठी नाही.

पैशांसाठी खरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. मूल अज्ञान (१८ वर्षांखालील) असल्याने पालक स्वतः तक्रारदार होऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला (म्हणजे भरलेल्या पैशांना) तक्रार शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आयोजक दिल्लीचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करण्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळ आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. आयोजकाला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे वाढ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे.

इथे तक्रारी दोन ठिकाणी अडखळतात. पहिले, ‘शुल्क परत नाही’ ही अट अन्याय्य करार आहे असे लिहिले की प्रकरण जिल्ह्याचे राहत नाही, कारण अन्याय्य कराराचा अधिकार राज्य आयोगाकडे आहे. म्हणून भर ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांवर ठेवावा. मसुदा असा: ‘विरुद्ध पक्षाने अमुक तारखेच्या पत्रात माझ्या पाल्याची राष्ट्रीय स्तरावर निवड झाल्याचे कळवले. निकषांबाबत अमुक तारखेला लेखी विचारणा केली. उत्तर दिले नाही. निवडप्रक्रिया झालेली नसताना ती झाल्याचे भासवून शुल्क घेतले.’ चार वाक्ये, तीन कागद.

दुसरे अधिक गंभीर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये, शिकवणी वर्ग सोडून, शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असे म्हटले, आणि त्यात सहली व सहशालेय उपक्रमही मोजले. त्यामुळे परिषदेचे शुल्क शाळेच्या खिडकीवर भरून शाळेची पावती घेतली, तर समोरचा हाच निवाडा पुढे करतो. शाळेमार्फत पैसे भरू नका. आयोजकाच्या खात्यात भरा, आयोजकाचीच पावती घ्या. मुख्याध्यापकांनीही असे शुल्क स्वीकारू नये, आणि अशी पत्रे वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. शिक्षिकेच्या नावाने आलेल्या मेसेजवर पालक शंका घेत नाहीत, आणि आयोजकाला नेमके हेच हवे असते.

मुलांची नावे त्यांच्याकडे जातात कुठून? बहुतेकदा मोफत स्पर्धा परीक्षा किंवा ‘करिअर सर्वेक्षण’ या फॉर्ममधून. अमेरिकेत २००२ मध्येच फेडरल ट्रेड कमिशनने अशा सर्वेक्षणावर कारवाई केली होती. महाविद्यालयांसाठी म्हणून भरून घेतलेली माहिती जाहिरातदारांनाही पोचत होती. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई करतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण ही कलमे १८ महिन्यांनी अमलात येणार आहेत. तोवर फॉर्मवर पालकांच्या मोबाइलऐवजी शाळेचा क्रमांक द्यावा आणि कोणत्या फॉर्ममध्ये नावाचे कोणते स्पेलिंग लिहिले त्याची नोंद ठेवावी. पत्रावर तेच स्पेलिंग आले की माग लागतो.

नियमांतली सर्वांत मोठी फट म्हणजे शिकवणी वर्गांच्या जाहिरातींची १३ नोव्हेंबर २०२४ ची तत्त्वे. यशाच्या दाव्यांवर ती कडक आहेत, पण समुपदेशन, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम त्यांच्या बाहेर आहेत. दोन दिवसांची परिषद स्वतःला ‘नेतृत्वाची सर्जनशील कार्यशाळा’ म्हणवून सहज निसटू शकते. या तत्त्वांतल्या शिकवणीच्या व्याख्येत ‘शुल्क घेऊन भरवलेल्या विद्यार्थी परिषदा’ एवढे पाच शब्द घालावेत, आणि ‘निवड’ लिहिणाऱ्याने त्याच ओळीत अर्जदारांची आणि निवडलेल्यांची संख्या छापावी, अशी सूचना आम्ही ग्राहक व्यवहार विभागाला लेखी पाठवली आहे. मसुदा अर्ध्या पानाचा आहे. आपल्या शाळेचे नाव घालून कोणत्याही संघाने तो तसाच पाठवावा.