पिवळ्या रंगाखाली जुनाच शॉकअप निघाला, सस्पेन्शनवर ६४ हजार घालवायच्या आधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली जी पोरं गाडीचं सस्पेन्शन बदलायच्या नादात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. जरा लांबलंय पण मधलं काही सोडू नका, कारण मला कुठं कुठं फसवलं ते मला स्वतःला पण तीन महिन्यांनी कळलं, आणि तोवर माझे मूळ पार्टसुद्धा हातातनं गेले होते.

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१७ चं मॉडेल, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस ताकद, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जीव आहे माझा तिच्यावर, पाच वर्षं पैसे साठवून सेकंडहँड घेतलेली. ७२ हजार किलोमीटर झाल्यावर हायवेला नव्वदच्या वर पुलाच्या जॉइंटवर मागची बाजू दोन-दोनदा हलायला लागली, वळणावर एक बाजू टेकल्यासारखी वाटायची. आता मला समजतंय की ते फक्त शॉकअप म्हातारे झाल्याचं लक्षण होतं, कंपनीचे नवीन चार शॉकअप आणि पुढची माउंटिंग टाकली असती तर निम्मी तक्रार तिथंच संपली असती. पण माझ्या डोक्यात अपग्रेड बसलं होतं, इंजिन एवढं चांगलं आणि खाली सस्पेन्शन असलं कसं चालेल असं वाटायचं.

मग मेहुण्याच्या ओळखीतल्या एकानं हायवेलगतचं एक दुकान सांगितलं, सीमेच्या पलीकडं, महाराष्ट्रात. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. बाहेर केए-२२, केए-२३, एमएच-०९ सगळ्या पासिंगच्या गाड्या उभ्या, आत स्वच्छ, दोन लिफ्ट, भिंतीवर परदेशी कंपन्यांचे बोर्ड. माणूस बोलायला लई गोड. "भावा, रस्त्यावरच्या गाडीला कॉइलओव्हर कशाला, उगाच पैसे घालवू नको" असं त्यानंच मला सांगितलं, आणि तिथंच माझा विश्वास बसला बघा. कारण बोलणं बरोबरच होतं. रोज ऑफिसला जायच्या गाडीत उंची कमी-जास्त करायचे कॉइलओव्हर लागत नाहीत, चांगले गॅस डॅम्पर, म्हणजे गॅस भरलेले शॉकअप, आणि गाडी २५ मिमी खाली करणारी स्प्रिंग एवढं बास होतं. त्यानं सांगितलेली यादी तीच होती, चार पिवळे जर्मन मोनोट्यूब (आत एकच नळी असलेले) डॅम्पर, चार लाल स्प्रिंग, बंप स्टॉपर, फिटिंग आणि अलाइनमेंट धरून ८२ हजार, आणि "तुझे जुने आठही पार्ट एक्स्चेंजला दिलेस तर १८ हजार कमी." म्हणजे ६४. वीस हजार यूपीआयनं ॲडव्हान्स, बाकी रोख. यूपीआय करताना नाव दुकानाचं नाही तर कुणा बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला घरच्यांचं अकाउंट आहे. मी पुढं काही बोललो नाही.

फिटिंगच्या दिवशी मला केबिनमध्ये बसवलं, चहा, पोहे. दोनदा बघायला उठलो, दोन्ही वेळा "इन्शुरन्सचा प्रॉब्लेम येतो, आत कस्टमरला सोडत नाही" म्हणून परत आणलं. बॉक्स फोडताना मी बघितलाच नाही. चार तासांनी गाडी खाली आली, चाकाच्या वरची फट कमी झालेली, आत पिवळं-लाल दिसतंय, लई भारी वाटलं. सर्व्हिस रोडला तीन किलोमीटर ट्रायल, गाडी कडक, झुकत नाही. "कसं वाटतंय?" "एकदम घट्ट." तो हसला, मी पण हसलो आणि गाडी घेऊन तवंदी घाट ओलांडून बेळगावला आलो.

हा जो कडकपणा आहे ना, त्यावर थोडं थांबून सांगतो, कारण फसवणूक सगळी त्याच्यात आहे. कडक गाडी म्हणजे चांगलं सस्पेन्शन असं आपल्याला वाटतं. खरं तर स्प्रिंग गाडी पेलते आणि डॅम्पर त्या स्प्रिंगचं उसळणं आवरतो, टायर रस्त्याला चिकटून राहावा म्हणून. गाडी लई खाली केली की बंप स्टॉपर, म्हणजे तो रबरासारखा तुकडा, जवळ येतो आणि गाडी स्प्रिंगवर न चालता त्या रबरावर चालते. तेव्हा पण ती कडक लागते. तीन किलोमीटरच्या गुळगुळीत रस्त्यावर ह्यातला फरक तुम्हाला कळणारच नाही, मला पण कळला नाही.

कळला तो चोर्ला घाटात. दिवाळीच्या आधी आई, बायको आणि मी गोव्याला निघालो होतो, जांबोटी ओलांडली, कणकुंबीपर्यंतचा रस्ता आपल्याला माहीतच आहे. खड्ड्यात धाड-धाड आवाज, आई मागून म्हणतेय हळू घे रे, आणि मी खरंच हळू होतो. घाट सुरू झाल्यावर एका डाव्या वळणात मधोमध उखडलेला डांबराचा पट्टा होता, त्यावर मागचं चाक आपटलं आणि मागची बाजू सरळ उचलून बाहेर सरकली. वेग चाळीस-पंचेचाळीस असेल. समोरून टेम्पो येत होता. तो ड्रायव्हर शहाणा, त्यानं बाजू दिली. आई रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली तर हात थरथरत होते, पाचेक मिनिटं कुणी काही बोललं नाही. तिथनंच परत फिरलो. आज हे सगळं लिहायला बसलोय ते पैशासाठी नाही, त्या पाच मिनिटांसाठी.

दुसऱ्या दिवशी तिलकवाडीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजात गाडी नेली. मिस्त्रीनं जॅक लावला, मागचं चाक लोंबकळलं आणि त्यानं हात घालून स्प्रिंग गोल फिरवून दाखवली. मोकळी! पोलोला मागं ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा असतो, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळं चाक पूर्ण खाली लोंबकळलं तरी स्प्रिंग आपल्या बैठकीत थोडी तरी दाबलेली राहायला पाहिजे, नाहीतर मोठ्या उंचवट्यावर ती जागा सोडू शकते. म्हणूनच गाडी खाली करायच्या स्प्रिंगसोबत आखूड रॉडचे डॅम्पर घ्यायचे असतात. माझ्यात तसलं काही नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "हे उद्यमबागला घेऊन जावा, उघडल्याशिवाय कळणार न्हाई."

उद्यमबागेत आमचे एक मामा हायड्रॉलिक सिलेंडर दुरुस्त करतात, तीस वर्षं झाली, रॉड, सील, हार्ड क्रोम हाच त्यांचा धंदा. आपलं बेळगाव फाउंड्री आणि हायड्रॉलिकचं गाव, पण मला माझ्याच गावातल्या माणसाला आधी विचारायचं सुचलं नाही ह्याचं वाईट वाटतं. मामांनी मागचा पिवळा शॉकअप हातात घेतला, रॉड आत दाबला आणि सोडला. रॉड आत गेला तो तिथंच राहिला. "गॅसचा म्हणून दिलाय व्हय तुला? गॅस असता तर आपसूक भाईर आला असता की." मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन २०-३० बारला भरलेला असतो, त्या दाबानं रॉड स्वतःहून बाहेर येतो, आणि आत दाबायला पण चांगलं अंग टाकावं लागतं. हा एवढा साधा टेस्ट आहे, दोन्ही हात आणि एक फरशी लागते फक्त.

थिनर लावून पुसल्यावर पिवळ्याखाली काळा रंग, त्याखाली अर्धवट घासलेला दुसऱ्याच मॉडेलचा पार्ट नंबर. मग मामांनी तो सरळ मध्ये कापला. आत एक नळी, तिच्याबाहेर दुसरी नळी, म्हणजे ट्विन ट्यूब. मोनोट्यूब असता तर एकच नळी आणि तेल-गॅस वेगळं ठेवणारा तरंगता पिस्टन दिसला असता. तेल काळपट आणि कमी, सील बाहेरून ठोकून बसवलेलं, रॉडवर नवीन क्रोम. घाटात सतत खड्डे लागले की असल्या शॉकअपमधल्या तेलाला गॅसचा दाब नसल्यानं फेस येतो आणि मग तो धरतच नाही. त्या वळणात नेमकं हेच झालं असणार असं मामांचं म्हणणं, मलाही तेच पटतं.

स्प्रिंगची गोष्ट तर अजून सरळ. लाल रंग खरवडला, एका टोकाला ग्राइंडरची खूण. कंपनीच्या स्प्रिंगचा एक वेढा कापलेला. व्हर्नियर लावला तर तारेची जाडी मिस्त्रीकडच्या मूळ पोलोच्या स्प्रिंगएवढीच निघाली. इथं हिशोब लक्षात ठेवा, स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, १२ मिमीची तार १३ केली तर कडकपणा साधारण ३८ टक्के वाढतो, आणि सहा वेढ्यांतला एक कापला तर २० टक्के. म्हणजे कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, पण गाडी जेवढी खाली येते त्या मानानं ते काहीच नाही. मला २५ मिमी सांगितलेलं, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपनं मोजलं तर पुढं ४२ मिमी खाली होती. मिस्त्रीनं रॉड किती आत जातो ते बघायला दुसऱ्या पिवळ्या शॉकअपच्या रॉडवर केबल टाय बांधून मला पिरनवाडीपर्यंत नेऊन आणलं, तर टाय थेट बंप स्टॉपरला जाऊन चिकटलेला. साध्या रस्त्यावर, दोघंच माणसं बसलेली असताना.

आणि ही कापलेली स्प्रिंग आली कुठनं ते कळलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्यासारख्याच कुणीतरी एक्स्चेंजला दिलेली. त्याची स्प्रिंग कापून, रंगवून माझ्या गाडीत, माझी कापून अजून कुणाच्या. १८ हजाराच्या डिस्काउंटमध्ये मी त्यांना पुढच्या गिऱ्हाइकाचा माल फुकट देऊन आलो. गोव्याला निघालेल्या कुठल्या घरच्या गाडीत माझे पार्ट असतील हा विचार अजून जात नाही.

दुकानदाराला फोन केला. आधी "रस्ते तुमच्याकडचे खराब", मग "तुम्हीच कुणाकडनं तरी बदलून घेतले असतील", शेवटी "काय करायचं ते करा, तुम्ही कर्नाटकातले, केस करायला महाराष्ट्रात यायला लागेल." सीमेवरच्या आपल्या लोकांवर हे वाक्य लई चालतं, अर्धे जण इथंच सोडून देतात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असू दे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, अर्ज ई-जागृती पोर्टलवर होतो. पोलिसांकडं पण १ जुलै २०२४ पासून हद्दीचं कारण आडवं येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. मी कन्नडमध्ये अर्ज लिहून घेतला शेजारच्या सरांकडनं, काही अडचण आली नाही.

बिलाचं पण सांगतो. बिल मिळालं म्हणून मी निर्धास्त होतो. वकिलांनी त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. सुरुवात २७ नं म्हणजे महाराष्ट्राचा, ते बरोबर, पण नाव दुसऱ्याच फर्मचं आणि रजिस्ट्रेशन रद्द झालेलं. हा शोध मोबाईलवर एका मिनिटात होतो, पैसे द्यायच्या आधी दुकानातच उभं राहून करता आला असता. बिलावर पार्ट नंबर पण नव्हते, नुसतं "सस्पेन्शन किट १ नग".

अजून एक गोष्ट ह्या गडबडीत समजली. मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर कडक निकाल दिलाय, आणि इन्शुरन्सला न कळवता बदल केला तर अपघातात क्लेम अडकू शकतो. त्या वळणात टेम्पोवाला नसता वळला तर मी कुठं उभा राहिलो असतो सांगा.

सध्या गाडीत कंपनीचे नवीन डॅम्पर, कंपनीच्याच स्प्रिंग, पुढं नवीन माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश टाकलेत, टायर चांगले बदललेत, अलाइनमेंट केली. खर्च त्या किटच्या निम्म्याच्या आसपास आला. आणि खरं सांगतो, मला जी गाडी पाहिजे होती ती हीच. हायवेच्या जॉइंटवर एकदा हलते आणि बसते, वळणात स्टेअरिंग बोलल्यासारखं सगळं कळतं. पुढं कधी खरे डॅम्पर घेतलेच तर अधिकृत डीलरकडनं, पार्ट नंबर बिलावर लिहून, बॉक्स माझ्यासमोर फोडून आणि रॉड हातानं दाबून बघूनच घेणार, आणि जुने पार्ट पोत्यात घालून घरी आणणार, दहा हजार काय वीस हजार सूट दिली तरी.

आई मात्र अजून त्या गाडीत मागं बसायला तयार नाही. कापलेला शॉकअप, ती स्प्रिंग आणि थिनरनं पुसलेलं फडकं मामांच्या वर्कशॉपमध्ये ठेवलंय, पुढच्या महिन्यात आयोगासमोर तारीख आहे, तेव्हा तिन्ही वस्तू सोबत नेणार आहे.