अकोला करार की नागपूर करार?
नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये तर्री पोहे खाताना कोणी ना कोणी विदर्भ महाराष्ट्रात कोणत्या अटींवर येणार हे ठरवणारा नागपूर करार काढतंच, पण १९४७ चा अकोला करार काहून विसरतात बाप्पा? त्यात पश्चिम महाराष्ट्र न महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांचं विधिमंडळ वेगळं न मंत्रिमंडळही वेगळं, म्हणजे कारभाराच्या चाव्या आपल्याच हातात राहणार होत्या. १९५३ च्या नागपूर करारात राज्य एकच, राजधानी मुंबई, आपल्या नागपुरात वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन न विदर्भाला लोकसंख्येनुसार पैसा, नोकऱ्या, शिक्षणात वाटा. कागदावर बरा आहे, पण वाटा मोजणारे मुंबईत बसलेले! मला विचाराल तर अकोलाच भारी होता. डिसेंबरात विधानभवनाकडं बॅरिकेड लागले, गाडी लांबून फिरवावी लागली की अधिवेशन आलं हे कळते.