पिवळं फूल ओळखायचंय: फोन की भिंग?

गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत मर्यादवेलीशेजारी पसरलेली पिवळ्या फुलांची पाथरी पाहून आपल्याला डँडेलियन, म्हणजे थंड हवेतलं तसंच पिवळं फूल, सापडलं असं अनेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. तर ओळख पटवायला फोनमधलं अ‍ॅप बरं की दहापटीचं भिंग? मी दोन्ही वापरून झालोय.

घाईच्या वेळी अ‍ॅप सोयीचं, यात वाद नाही. अर्थात एकदांडीसाठी त्याचीही गरज पडू नये. मध्ये पिवळी गड्डी, कडेला मोजक्या फिकट पाकळ्या आणि देठ तोडला तर चीक नाही.

माझं बिनसलं ते एका सकाळी. झाड एकच. वरून फोटो काढला तर डँडेलियन, बाजूने काढला तर सॉन्कस नावाचं दुसरंच पिवळं फूल, सावली पडल्यावर तिसरंच काहीतरी. चुकतो तर मीही. पण तिन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे आली, आणि ‘कशावरून?’ असं विचारायची सोय कुठेच नव्हती. कदाचित तुमचं अ‍ॅप माझ्यापेक्षा शहाणं असेल.

घरी वहीत मनालीहून आणलेलं डँडेलियनचं सुकं बोंड होतं. त्याचं बी भिंगाखाली धरलं. दाण्याच्या टोकाला केसासारखी बारीक, लांब दांडी आणि तिच्या शेंड्यावर पांढऱ्या केसांची छत्री. मिरामारच्या पाथरीच्या म्हातारीला, म्हणजे उडत्या बीला, ती दांडीच नाही, केस थेट दाण्याच्या डोक्यावर. मग बाकीच्या खुणाही दिसायला लागल्या. पाथरीचे धुमारे वाळूवरून सरपटतात आणि पेरापेराला मुळं धरतात. डँडेलियनमध्ये पानांच्या गुच्छातून बिनपानांचा दांडा सरळ वर येतो, त्यावर एकच फूल. दांडा नखाने चिरला की आत पोकळ. चिकावर मात्र भिस्त ठेवू नका, तो दोघांचाही पांढरा.

भिंगाचा जाच आहेच. गुडघे टेकावे लागतात, वाऱ्याने बी उडून जातं, आणि फिरायला आलेलं कुणीतरी थांबून विचारतंच, “कितें सोदता?” (काय शोधताय?)

हिमालयात जाऊन डँडेलियनच्याच जाती वेगळ्या करायच्या असतील, तर फुलाखालची बाहेरची छदं (हिरवी, पानासारखी पाती) खाली वळलीत की वर चिकटलीत आणि पिकलेला दाणा तपकिरी की तांबूस, हे बघावं लागतं. यातल्या बऱ्याच जाती परागीभवनाशिवायच बी धरतात, त्यामुळे बारीकसारीक फरकांच्या जाती ढीगभर. तिथे मी भिंग हातात असूनही ‘टॅराक्सॅकम’ हे डँडेलियनच्या सगळ्या जातींचं सामाईक नाव, एवढंच लिहून थांबतो.

नुसतं नाव हवं असेल तर फोन पुरे, असं म्हणायला हरकत नाही. मी हल्ली त्याच्यावर फक्त फोटो काढतो. बी कागदाच्या पुडीत घालून घरी आणतो आणि पुडी उघडण्याआधी पंखा बंद करतो.