हवाईयन गिटार की पेडल स्टील?

धुळ्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा माझा भाचा अडलाय: हवाईयन शिकू की थेट पेडल स्टील? हवाईयन म्हणजे आडवी ठेवून तारांवर स्टीलचा बार सरकवत वाजवायची गिटार; पेडल स्टील तिचाच प्रकार, पण पेडल आणि लिव्हर दाबून तारांचा सूर बदलणारा.

खर्चात तुलनाच नाही. साध्या गिटारच्या तारा नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) उंच केल्या, हातात स्टीलचा बार घेतला की हवाईयन सुरू. पेडल स्टील परदेशातून मागवा, आणि पेडलला जोडलेल्या खालच्या सळ्या बिघडल्या तर कारागीर शोधत फिरा.

खरा प्रश्न मेहनतीचा. बार दोन्हीकडे आहे, सूर कानानेच लावायचा. पण पेडल स्टीलला सहसा दहा तारा. ई-नाइन या नेहमीच्या जुळणीत पहिला पेडल दाबला की 'बी' सुराच्या दोन्ही तारा 'सी शार्प' सुरावर चढतात, बाकीच्या हलत नाहीत. डावा पाय पेडलवर, उजवा आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलवर, गुडघे लिव्हरवर!

मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं), जुनी हिंदी गाणी, राग हवेत तर हवाईयन. शास्त्रीय गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी गिटारवर असेच राग वाजवले. ज्याला अमेरिकी कंट्री संगीतातले वळणारे कॉर्डच (एकत्र वाजणारे सूर) हवेत आणि ज्याचा बारवर कान बसलाय, त्याने पेडल स्टील घ्यावं. भाच्याने आधी हवाईयनवर बार धरावा.