रेणुका की जाई? सीमाभागातील बारशापूर्वीचा विचार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरात मुलीचे नाव ठरवताना अर्थाइतकाच ते कन्नडमध्ये कसे उमटेल याचाही विचार करावा लागतो, कारण आत्याने पाळण्यापाशी कानात सांगितलेले नाव पुढे जन्मदाखल्यावर कन्नड लिपीत जाते. ‘रेणुका’ आणि ‘जाई’ यांचा खरा फरक तिथेच दिसतो.

‘रेणुका’ हे नाव संस्कृत ‘रेणु’वरून आले, रेणु म्हणजे धूळ, सूक्ष्म कण, फुलातला पराग. धूळ म्हटल्यावर काही आईबाप बिचकतात, पण या भागात नावाचा अर्थ कोशापेक्षा सौंदत्तीच्या डोंगरावरून येतो. जमदग्नींची पत्नी आणि परशुरामाची माता रेणुका तिथे यल्लम्मा म्हणून पुजली जाते, आणि मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेच्या यात्रांना कोल्हापूरकडचे भाविकही ‘उदं गं आई उदं’ म्हणत तिथे जातात. याच स्थानाशी निगडित देवदासी प्रथेवर कर्नाटकाने 1982 मध्ये बंदीचा कायदा केला. ती आठवण कटू असली, तरी नाव टाळण्याचे कारण म्हणून ती मला पुरेशी वाटत नाही. शेजारची कन्नड आजी ‘रेणुकव्वा’ म्हणेल, मावशी ‘रेणू’ म्हणेल, कागदावर मात्र दोन्ही लिप्यांत ‘रेणुका’च राहील. (वीरशैव परंपरेतील रेणुकाचार्यांमुळे कन्नड घरांत हे नाव मुलग्यांच्याही वाट्याला येते.)

‘जाई’ संस्कृत ‘जाती’पासून प्राकृतमार्गे आली. कन्नडमध्ये त्याच फुलाला ‘जाजी’ म्हणतात, त्यामुळे अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नाव लहान, गोड आणि देवादिकांच्या कथांपासून मोकळे आहे. अडचण उच्चाराची: यातला ‘ज’ ‘जीवन’मधला नसून ‘जाऊबाई’मधला, आणि तो कन्नडमध्ये नाही. शिवाय कन्नड लेखनात दोन स्वर लागोपाठ येत नसल्याने ‘जाई’चे ‘जायि’ होते, त्यावरून इंग्रजी स्पेलिंग बनते आणि ते वाचून कुणीतरी देवनागरीत ‘जयी’ लिहून मोकळा होतो.

मी रेणुकेच्या बाजूने आहे. तरीही जाईवरच मन बसले असेल, तर घाई नको: जन्मनोंद 21 दिवसांत करावी लागते, पण बाळाचे नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. तोवर कन्नड अक्षरे जाणकाराकडून ठरवून घ्यावीत आणि अर्जावर नाव तिन्ही लिप्यांत स्वतः लिहून द्यावे.