दार कशाला लावायचं? रोम, फ्रँकफर्ट आणि सिडनीच्या तीन सभा

कॅथलिक धर्मग्रामाची (म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या भाविकांची, पॅरिशची) सभा बोलवायची ठरली की पहिला वाद विषयांवरून होत नाही, दारावरून होतो. एक गट म्हणतो, सगळं उघड चालू दे, मोबाइलवर घरबसल्या दिसू दे. दुसरा म्हणतो, मग फादरांसमोर खरं बोलणार कोण? दोघांचंही बरोबर असतं, म्हणून वाद मिटत नाही. सभेचे नियम लिहिण्याचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांनी आधी अलीकडच्या तीन मोठ्या सभा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात: रोमची सिनड (पोपना सल्ला देणारी बिशपांची सभा), जर्मनीचा सिनोडल मार्ग (बिशप आणि सामान्य कॅथलिकांच्या एकत्र सभा) आणि ऑस्ट्रेलियाची प्लेनरी कौन्सिल (देशभरच्या चर्चची सभा).

रोमने दार घट्ट लावलं. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या या सिनडच्या दोन बैठका ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये झाल्या. बिशपांच्या सिनडमध्ये स्त्रियांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला. कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी), धर्मभगिनी आणि प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ नसलेले, तरुण एकाच गोल टेबलाला बसले. पद्धत अशी: आधी प्रत्येकाने आपलं सांगायचं, मग थोडी शांतता, दुसऱ्या फेरीत इतरांचं ऐकून मनात काय हललं ते सांगायचं, तिसऱ्या फेरीत एकमत कुठे आणि मतभेद कुठे ते मांडायचं. आणि नियम असा की दुसऱ्याचंच काय, स्वतःचं बोलणंही बाहेर सांगायचं नाही, सभा संपल्यावरसुद्धा. उद्घाटनाच्या दिवशी पोपनी पत्रकारांकडूनही जाहीर बोलण्याचा एक प्रकारचा उपवास मागितला. कारण त्यांनीच दिलं: कुटुंबावरच्या आणि ॲमेझॉन खोऱ्यावरच्या आधीच्या सिनडच्या वेळी बाहेर एकाच मुद्द्याचा गलका झाला होता. दोन्ही वेळा बाकीचे विषय मागे पडले.

या बंद दाराने एक काम नक्की केलं. कार्डिनलच्या शेजारी बसलेल्या विशीतल्या मुलीला उद्याच्या मथळ्याची भीती उरली नाही. पण गळती थांबली का? एका कार्डिनलांनी सभा चालू असतानाच टीव्हीला मुलाखत दिली. नियम पाळणारे गप्प राहिले आणि न पाळणाऱ्याचंच म्हणणं जगाने ऐकलं. मला ही बंद दाराची सगळ्यात मोठी खोट वाटते.

तरी रोमने निकाल मात्र झाकला नाही. शेवटच्या दस्तऐवजाच्या प्रत्येक परिच्छेदापुढे किती हो, किती नाही हे छापलं. स्त्रियांना डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) करायचं का, हा प्रश्न खुला ठेवणाऱ्या परिच्छेद ६० ला २५८ हो आणि ९७ नाही. नावं नाहीत, पण विरोध किती खोल आहे ते कुणालाही दिसतं.

जर्मनीने बरोबर उलट केलं. तिथे पार्श्वभूमीच वेगळी होती: चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांवरच्या २०१८ च्या अभ्यासात १९४६ पासूनच्या कागदपत्रांत ३,६७७ पीडित मुलं आणि १,६७० आरोपी धर्मगुरू-डीकन-व्रतस्थ सापडले होते. झाकाझाकीनेच घात केला, ही भावना असताना पुन्हा बंद खोलीत बसणं कुणी मान्य केलं नसतं. म्हणून बिशप आणि प्रापंचिकांची मध्यवर्ती समिती यांनी मिळून चालवलेल्या २३० सदस्यांच्या सभा कॅमेऱ्यासमोर झाल्या. ठरावाला सभेची दोन तृतीयांश मतं हवीत आणि बिशपांची वेगळी दोन तृतीयांश.

८ सप्टेंबर २०२२ ला फ्रँकफर्टमध्ये लैंगिक नीतीवरचा मसुदा मतदानाला आला. सभेचा कौल भरघोस, पण ३३ बिशप बाजूने, २१ विरोधात. मसुदा पडला. मतदान नावानिशी नव्हतं, आणि विरोधात मत देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आधी उघडपणे तसं सांगितलं होतं. लोकांचा संताप नकारावर जेवढा होता तेवढाच न बोलण्यावर होता. त्यानंतरची मतदानं नावानिशी झाली आणि पुढचे मसुदे मंजूर होत गेले. हा प्रामाणिकपणा की दबाव, यावर जर्मनीत अजून दोन तट आहेत. मला दबावाचा अंश दिसतो; पण कॅमेऱ्यासमोर गप्प राहून चिठ्ठीत नाही लिहिणं मला त्याहून वाईट वाटतं.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. तयारीत २ लाख २२ हजार लोकांनी भाग घेतला. मत सगळे सदस्य देणार, पण निर्णायक मत बिशपांचंच. जुलै २०२२ मध्ये सिडनीत स्त्री-पुरुषांच्या समान प्रतिष्ठेवरचे ठराव बिशपांच्या मतांत अडकले. निकाल तिथल्या तिथे कळल्यामुळे साठेक सदस्य जागेवर बसायला नकार देऊन सभागृहाच्या मागे उभे राहिले. कार्यक्रम बदलला, मजकूर पुन्हा लिहिला आणि दोन दिवसांत तो मंजूर झाला. निकाल महिन्याने कळला असता तर उभं राहायला सभागृहच उरलं नसतं.

आता आपल्या हॉलकडे या. चर्चच्या कॅनन कायद्याच्या कलम ५३६ प्रमाणे पॅरिश कौन्सिलचं, म्हणजे धर्मग्रामाच्या मंडळाचं, मत सल्ल्यापुरतंच असतं. म्हणजे जर्मनीसारखी मतांची लढाई इथे होणार नाही, पण सल्ला काय दिला होता हे लोकांना कळलं नाही तर तो दिला काय आणि न दिला काय सारखंच. वसईतल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या धर्मग्रामासाठी मी रोमची पद्धत निवडेन, पण थोडी सैल करून: तीन फेऱ्या ठेवा, कोण काय बोललं ते इतिवृत्तात नावानिशी लिहू नका, मात्र ज्याचं त्याला स्वतःचं म्हणणं बाहेर सांगू द्या. स्वतःच्या तोंडावरचं कुलूप कशाला? मुद्दा आणि त्यावरचे हो-नाहीचे आकडे सभा संपायच्या आत वाचून दाखवा आणि पुढच्या रविवारच्या मिस्सेआधी फलकावर लावा.

दोन गोष्टी या चर्चेतून आधीच बाहेर काढा. एक, हिशेब: लोकांनी दिलेल्या पैशांचा हिशेब लोकांना द्यायचा, हे कलम १२८७ च सांगतं, त्याला गोपनीयता लावता येत नाही. दुसरी, लैंगिक अत्याचाराची तक्रार. ती सभेचा विषय नव्हेच, आणि ‘इथलं इथेच’ हा नियम तिला तर मुळीच लागू नाही. तक्रार करणाऱ्याला गप्प राहायला सांगता येत नाही हे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्येच स्पष्ट केलंय, आणि बळी अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नियमांच्या कागदावर हे दोन मुद्दे सगळ्यात वर लिहा, फेऱ्या आणि मिनिटं त्याखाली.