प्रॉक्समॉक्स क्लस्टरमधील स्टोरेज काढताना: थेट आज्ञा की अ‍ॅन्सिबल?

प्रॉक्समॉक्स हे व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारे सॉफ्टवेअर. त्याच्या तीन नोडच्या (एकत्र जोडलेल्या तीन सर्व्हरच्या) क्लस्टरमधून जुने एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेले) स्टोरेज काढायचे असलेल्या सहकाऱ्याने विचारले, की टर्मिनलवर ‘पीव्हीईएसएम रिमूव्ह’ ही स्टोरेज काढण्याची आज्ञा चालवावी की अ‍ॅन्सिबलचे प्लेबुक (सर्व्हरवरची कामे आपोआप करणाऱ्या या साधनासाठीची टप्प्यांची फाइल) लिहावे? दोन्ही मार्ग अखेर ‘स्टोरेज.सीएफजी’ या सर्व नोडमध्ये सामायिक असलेल्या फाइलमधली नोंदच पुसतात, त्यामुळे एका नोडवरची चूक लगेच सगळीकडे पोहोचते. डेटा मात्र पुसला जात नाही आणि माउंटही, म्हणजे नोडशी असलेली स्टोरेजची जोडणीही, आपोआप सुटत नाही.

श्रमाच्या बाबतीत एका ओळीची आज्ञा सरस आहे. सुरक्षिततेचा निकष मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या स्टोरेजवर एखाद्या व्हीएमची डिस्क उरली आहे का, हे ही आज्ञा तपासत नाही. तशी डिस्क असेल तर ती व्हीएम बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. प्लेबुकमध्ये आधी स्टोरेजवरील डिस्कची यादी तपासणे, बॅकअपची कामे पाहणे, स्टोरेज काही दिवस ‘डिसेबल’ (तात्पुरते बंद) ठेवणे आणि शेवटी प्रत्येक नोडवर अनमाउंट करणे हे टप्पे एकदाच लिहून ठेवता येतात. अर्थात, ते लिहिले नाहीत तर प्लेबुकही तितकेच आंधळे ठरते.

एकच क्लस्टर आणि वर्षातून एखादी वेळ असेल, तर यादी डोळ्यांखालून घालून आज्ञाच वापरावी. अनेक क्लस्टर किंवा अनेक प्रशासक असतील, तर अ‍ॅन्सिबल घ्यावे.